ब्रश कटर आणि चेनसॉ घरी दुरुस्त करायचे असतील तर आधी कारण शोधा, मग पाना उचला

राजापूर तालुक्यातल्या एका आंबा बागायतदाराचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात दोन ब्रश कटर आहेत, एक ५२ सीसीचा टू-स्ट्रोक आणि दुसरा होंडाच्या फोर-स्ट्रोक इंजिनाचा. शिवाय २०२१ च्या तौक्ते वादळानंतर आडवी झालेली झाडं कापायला घेतलेला एक चेनसॉ आहे. टू-स्ट्रोक कटर दर पावसाळ्यात सुरू व्हायला छळतो, फोर-स्ट्रोक पांढरा धूर काढतो, आणि चेनसॉ जाम झाला असून मेकॅनिकने ‘ब्लॉक-पिस्टन (म्हणजे सिलिंडर आणि पिस्टन) बदला’ असं सांगितलं आहे. दुकान लांब, आणि हंगामात नंबर लागायला आठवडे जातात. घराच्या पडवीत स्वतः दुरुस्ती करता येईल का, हत्यारं कोणती लागतील आणि सुरुवात कुठून करावी?

होय, करता येते. कोकणात तर बागायतदाराने ती शिकावीच, असं माझं ठाम मत आहे. गवत सगळ्यांचं एकाच वेळी वाढतं, बेणणी, म्हणजे गवत-तण काढायचं काम, सगळ्यांची एकाच वेळी निघते आणि मशीनही सगळ्यांची एकाच वेळी बंद पडतात. दुकानदाराला दोष देऊन उपयोग नाही, त्याचे हात दोनच आहेत. घाईत तो बिघडलेला भाग काढतो, नवा बसवतो आणि मशीन परत देतो. तो भाग का बिघडला, हे शोधायला लागणारा वेळ त्याच्याकडे नसतो, तुमच्याकडे असतो. घरच्या दुरुस्तीचा खरा फायदा मजुरी वाचण्यात नाही, या वेळात आहे.

आधी पेट्रोलबद्दल बोलतो, कारण पावसाळ्यात ‘सुरू होत नाही’ म्हणून आलेल्या बहुतेक मशीनचं दुखणं टाकीत सापडतं. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. मोटारसायकलची टाकी चार-आठ दिवसांत रिकामी होते, त्यामुळे तिथे फारसं जाणवत नाही. ब्रश कटर मात्र दोन दिवस चालतो आणि दोन महिने मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपीत, टांगलेला असतो. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, आणि आपल्याकडे जूनपासून हवेत ओलीशिवाय दुसरं असतं तरी काय! पाणी ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळा थर होतो आणि तळाला बसतो. टाकीतला फिल्टर तळालाच लोळत असतो, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरमध्ये पहिला जातो तो हाच थर. टू-स्ट्रोकमध्ये यात आणखी एक धोका आहे. इंजिन आतून वंगवायला तुम्ही पेट्रोलमध्ये मिसळलेलं टू-टी ऑइल वरच्या पेट्रोलच्या थरात राहतं, खालच्या थरात ते जवळजवळ नसतं. तेल मिसळून भरलेलं इंजिनसुद्धा सीज, म्हणजे जाम, कसं होतं, याचं एक उत्तर इथे आहे.

म्हणून पहिलं काम म्हणजे तिन्ही मशीनच्या टाक्या पारदर्शक काचेच्या बाटल्यांत रिकाम्या करा आणि अर्धा तास हलवू नका. खाली वेगळा थर किंवा थेंब दिसले तर ते पेट्रोल वापरायचं नाही. मग टू-स्ट्रोकच्या पेट्रोलचे दोन थेंब पांढऱ्या कागदावर टाका. पेट्रोल उडून गेल्यावर तेलकट डाग राहिला पाहिजे. राहिला नाही तर कोणीतरी साधं पेट्रोल भरलं आहे. ज्या घरात फोर-स्ट्रोक आणि टू-स्ट्रोक दोन्ही आहेत तिथे हे फार होतं, कारण कॅन एकच असतो आणि गडी वेगळा असतो. दोन वेगळ्या रंगांचे कॅन घ्या आणि त्याच रंगाचा पट्टा त्या त्या मशीनच्या दांड्यावर लावा.

मिश्रणाचं प्रमाण मशीनच्या पुस्तिकेत असेल तेच ठेवा. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली, ४०:१ म्हणजे २५ मिली, २५:१ म्हणजे ४० मिली. ‘थोडं जास्त तेल बरं’ म्हणून अंदाजाने ओतू नका. जास्त तेलाने प्लग काळा होतो, सायलेन्सर चोंदतो, आणि तेवढी जागा तेलाने घेतल्यामुळे पेट्रोल कमी जातं ते वेगळंच. ऑइलच्या बाटलीवर ‘जासो एफसी’ किंवा ‘एफडी’ दर्जा लिहिलेला बघा. किनाऱ्यालगतच्या गावांत होडीच्या आउटबोर्ड इंजिनाचं तेल घरात असतं, ते यात घालू नये. ते पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांसाठी असतं, आपली इंजिनं हवेने थंड होतात आणि कितीतरी जास्त तापतात. मिश्रण आठवड्याला लागेल तेवढंच करा. काम संपलं की टाकी रिकामी करून, आपोआप बंद पडेपर्यंत मशीन चालवा आणि मगच ठेवा. एवढी एक सवय लागली तरी पुढच्या वर्षीच्या निम्म्या तक्रारी उरणार नाहीत.

आता ५२ सीसीच्या कटरकडे येऊ. इंजिनाला हवा, पेट्रोल, ठिणगी आणि दाब एवढंच लागतं. या चारांतलं काय नाही, हे ओळखण्याआधी एकही स्क्रू ढिला करायचा नाही. दहा वेळा दोरी ओढून मशीन सुरू झालं नाही की प्लग काढा. ओला असेल तर पेट्रोल पोहोचतंय, म्हणजे ठिणगी नाही किंवा पेट्रोल जास्त झालंय. कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोलच येत नाही. मग प्लगच्या भोकातून मिश्रणाचे पाच-सहा थेंब आत टाका, प्लग लावा आणि ओढा. इंजिन दोन-तीन सेकंद पेटून बंद पडलं तर ठिणगी आहे, दाब आहे, दोष पेट्रोलच्या वाटेवर आहे. या एका चाचणीने निम्मं मशीन तपासातून बाहेर पडतं.

पेट्रोलची वाट टाकीपासून सुरू करा, कार्बोरेटरपासून नाही. टाकीच्या बुचाला हवा आत येण्यासाठी बारीक वाट असते. ती मातीने बुजली की मशीन पाच मिनिटं चालतं आणि बंद पडतं, बूच ढिलं केलं की पुन्हा चालतं. मग आतला फिल्टर तारेच्या आकड्याने बाहेर ओढून बघा. मग नळ्या. इथेनॉलने त्या एक तर कडक होऊन चिरतात किंवा मऊ पडून फुगतात, आणि मांगरात उंदीर असतील तर त्या कुरतडलेल्याही मिळतात. हाताने दाबायचा जो प्रायमरचा फुगा असतो, तो बरंच सांगून जातो. दाबल्यावर फुगा बसलेलाच राहिला, हळूहळू वर आला, तर फिल्टर किंवा नळी चोंदली आहे. कितीही दाबलं तरी बुडबुडेच येत राहिले तर नळीला चीर आहे.

हे सगळं ठीक असेल तरच कार्बोरेटर उघडा. या छोट्या मशीनच्या कार्बोरेटरमध्ये मोटारसायकलसारखा फ्लोट नसतो, कारण मशीन कसंही तिरकं धरून चालवायचं असतं. त्याऐवजी रबरी पडदे असतात, म्हणजे डायफ्राम. एका बाजूचा पडदा क्रँककेसमधल्या, म्हणजे पिस्टनखालच्या पेटीतल्या, दाबाच्या ठोक्यांवर हलून पेट्रोल ओढतो, दुसऱ्या बाजूचा पडदा सुईला उघडून-मिटवून हवं तेवढंच आत सोडतो. हा दुसरा पडदा मऊ असायला हवा. बोटाने दाबल्यावर कागदासारखा कडकड वाजला तर तो मेला, साफ करून परत बसवण्यात अर्थ नाही. पंपाच्या बाजूला नखापेक्षा लहान जाळी असते, ती बहुतेक वेळा हिरवट चिकट थराने भरलेली सापडते. उघडताना प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो काढा, कारण गॅस्केट आणि पडदा यांचा क्रम दोन्ही बाजूंना एकसारखा नसतो आणि उलट बसला तर सगळं नवं घालूनही मशीन चालत नाही. भोकांतून स्टीलची तार घालू नका. कार्ब क्लीनरचा फवारा आणि हवा पुरेशी असते, आणि फवारण्याआधी रबराचं सगळं काढून ठेवा. चिनी बनावटीच्या ५२ सीसीला पूर्ण कार्बोरेटर स्वस्तात मिळतो, म्हणून लोक थेट तोच बदलतात. नळीला चीर असताना नवा कार्बोरेटर लावला, तर काय होणार ते तुम्हीच बघा.

ठिणगी तपासताना प्लग भोकापासून लांब, सिलिंडरच्या धातूला टेकवून धरा, कारण आतून पेट्रोलची वाफ येत असते. ठिणगी नसेल तर प्लग बदलून बघा, तरीही नसेल तर ठिणगी तयार करणाऱ्या कॉइलला लागलेली बंद करायच्या स्विचची बारीक वायर काढा. ठिणगी परत आली तर कॉइल चांगली आहे, स्विच किंवा वायर खराब आहे. ओल्या गवतात फिरलेल्या मशीनला हा दोष नेहमीचा आहे. कॉइल आणि फ्लायव्हीलच्या (दोरी ओढली की फिरणाऱ्या चाकाच्या) चुंबकामधलं अंतर साधारण ०.३ मिमी असावं, जाडसर व्हिजिटिंग कार्ड मध्ये धरून स्क्रू आवळला की जमतं. चुंबकावर गंज चढला असेल तर बारीक पॉलिश पेपरने घासा. आपल्या खाऱ्या हवेत तो चढतोच.

दाबासाठी सोपी परीक्षा अशी आहे. प्लग लावलेला असताना दोरीचा दांडा धरून मशीन हवेत लोंबकळू द्या. ते थांबत थांबत, टप्प्याटप्प्याने खाली आलं पाहिजे. सरसर खाली आलं तर पिस्टनची रिंग किंवा सिलिंडर गेलं आहे. दाबमापक वापरणार असाल तर एवढं लक्षात ठेवा, की मोटारसायकलच्या लांब नळीच्या मापकावर छोट्या इंजिनाचा आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी दिसतो, कारण नळीतली जागाच इंजिनाच्या मानाने मोठी पडते. ज्याचा वॉल्व्ह प्लगच्या भोकात बसणाऱ्या टोकाशीच असतो, असा मापक घ्या. चांगल्या टू-स्ट्रोकला थंड असताना १०० पीएसआयच्या वर आकडा दिसतो, ९० च्या खाली गेला की सुरू होणं कठीण.

मशीन सुरू होतं पण रेस घेत नाही, ही तक्रार वेगळी आहे. तिथे आधी एअर फिल्टर आणि मग सायलेन्सर बघा. सायलेन्सरच्या तोंडाशी जाळी असेल तर ती कार्बनने बुजते. आमच्याकडे आणखी एक पाहुणी असते, कुंभारमाशी. मशीन महिनाभर टांगून ठेवलं की सायलेन्सरच्या नळीत आणि सिलिंडरच्या पंख्यांमध्ये (इंजिन थंड ठेवणाऱ्या धातूच्या पातळ कडांमध्ये) तिची मातीची घरं सापडतात. बाहेरून सगळं स्वच्छ दिसतं आणि इंजिन तापून मरतं. ठेवताना सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा बोळा घाला, आणि काढायला विसरू नये म्हणून त्याला लांब लाल चिंधी बांधा.

कटरच्या खालच्या टोकाकडे मात्र कोणी बघत नाही, आणि तिथे खर्च मोठा होतो. पात्याच्या गिअरच्या पेटीला बाजूला एक स्क्रू असतो, तो काढून दर २०-२५ तास कामाला ग्रीस भरायचं. पेटी हाताला न धरवण्याइतकी तापत असेल तर ग्रीस संपलं आहे. पात्याचा नट उलट्या आट्यांचा असतो, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की सुटतो. नेहमीच्या दिशेने जोर लावून लोक आटे खाऊन टाकतात. पातं काढून टांगा आणि धातूने हलकं ठोका. घणघण वाजलं तर ठीक, फाटका आवाज आला तर चीर आहे. चिरलेलं पातं वेल्डिंग करून लावायचं नाही, कोणत्याही परिस्थितीत नाही. आणि पात्यावरचं प्लास्टिकचं संरक्षण ‘गवत अडकतं’ म्हणून काढलेलं असेल तर आजच परत लावा. आपल्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, गवताखाली जांभ्याचे सुटे तुकडे असतात, पात्याला लागलेला तुकडा थेट पायावर किंवा डोळ्यावर येतो. मशीन चालू असताना १५ मीटरच्या आत दुसरं कोणी नको.

फोर-स्ट्रोकचा पांढरा धूर ही तुमच्या तिन्ही तक्रारींतली सर्वांत हलकी आहे. होंडाच्या जीएक्स ३५ इंजिनात ऑइल जेमतेम १०० मिली बसतं. लोक कारच्या सवयीने ‘थोडं वर असू दे’ म्हणून १५० मिली घालतात, आणि ते इंजिनाच्या श्वासनळीतून एअर फिल्टरमध्ये आणि तिथून सिलिंडरमध्ये जातं. मशीन सपाट ठेवून ऑइल पूर्ण काढा, १०डब्ल्यू-३० नवं भरून तोंडाच्या काठापर्यंतच ठेवा, फिल्टरचा स्पंज साबणाने धुऊन वाळवा. टाकीत चुकून टू-टीचं मिश्रण गेलं असेल तरी धूर येतो, तोही कागदावरच्या डागावरून कळेल. दोन टाक्या साधं पेट्रोल जाळल्यावरही धूर राहिला तरच आत बघायची गरज आहे. या इंजिनाचा प्लग लहान, १० मिमी आट्यांचा असतो, त्याचा पाना वेगळा घ्यावा लागेल.

आता चेनसॉ. ‘ब्लॉक-पिस्टन बदला’ हा सल्ला कदाचित बरोबर असेल, पण अपुरा आहे. पहिल्यांदा स्टार्टरचं झाकण काढा आणि फ्लायव्हील हाताने फिरवा. फिरलं तर जाम झालाय तो स्टार्टर, इंजिन नाही. प्लग काढल्यावर फिरलं तर सिलिंडरमध्ये पेट्रोल भरलं होतं. तरीही नाही फिरलं तर सायलेन्सरचे दोन-तीन स्क्रू काढा आणि टॉर्चने आत पिस्टनकडे बघा.

पिस्टनवरचे ओरखडे काय सांगतात ते नीट पाहा. सायलेन्सरच्या बाजूलाच उभे ओरखडे असतील तर इंजिन जास्त तापलं: मिश्रण पातळ, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, किंवा थंड करणारे पंखे बुजलेले. चहूबाजूंनी सारखे ओरखडे असतील तर तेल नव्हतं. कार्बोरेटरच्या बाजूला भुरकट झीज असेल तर फिल्टरमधून धूळ गेली आहे. एकाच जागी खोल चर असेल तर रिंग किंवा पिस्टनपिनची क्लिप तुटली. यातलं पातळ मिश्रणाचं कारण सर्वांत जास्त भेटतं, आणि इथेनॉलने ते वाढवलं आहे, कारण इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. साध्या पेट्रोलवर सेट केलेला कार्बोरेटर त्याच स्क्रूवर या पेट्रोलला पातळ पडतो. त्यात क्रँकच्या ऑइल सीलमधून (दांड्याभोवतीच्या रबरी कडीतून) किंवा कार्बोरेटर आणि सिलिंडरमधल्या रबरी नळीतून थोडी हवा आत येत असेल तर इंजिन काही मिनिटांत जातं. जाम होण्याआधी चेनसॉ रेस सोडल्यावरही लवकर खाली येत नव्हता का, हे आठवून बघा. तसं असेल तर हवेची गळती जवळजवळ नक्की आहे.

या गळतीची चाचणी घरी होते. रक्तदाब मोजायच्या जुन्या यंत्राचा फुगा आणि डायल घ्या. डायलचा ३०० हा आकडा म्हणजे साधारण ०.४ बार दाब, आपल्याला तेवढा पुरतो. सायलेन्सरच्या जागी आणि कार्बोरेटरच्या जागी सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालून स्क्रू आवळा, कार्बोरेटरच्या बाजूच्या तुकड्याला भोक पाडून फुग्याची नळी जोडा, प्लग लावा आणि दाब भरा. काटा मिनिटभर जागेवर राहिला पाहिजे. उतरला तर दोन्ही सील, सिलिंडरची तळाची गॅस्केट आणि रबरी नळी यांवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे जागा दाखवतील. सीलची ओठासारखी कड आतल्या दाबाने अधिक घट्ट बसते, म्हणून या चाचणीत पास झालेलं सीलही ओढीखाली, म्हणजे हवा आत खेचली जात असताना, गळू शकतं. मोटारचे ब्रेक ब्लीड करायचा हातपंप कोणाकडून मिळाला तर उलटी ओढ लावूनही बघा. ही चाचणी नवा पिस्टन बसवण्यापूर्वी एकदा आणि बसवल्यावर एकदा करायची. इतक्या साध्या गोष्टीने वाचलेली इंजिनं मी इतकी पाहिली आहेत, की ती केल्याशिवाय मी कोणालाही नवा ब्लॉक आणायला सांगत नाही.

सिलिंडर उतरवल्यावर आतल्या ओरखड्यांवरून नख फिरवा. पुष्कळदा ते ओरखडे नसतात, पिस्टनचं ॲल्युमिनियम भिंतीला चिकटलेलं असतं. हार्डवेअरच्या दुकानातलं हायड्रोक्लोरिक ॲसिड कानकोरण्याच्या कापसाने फक्त त्या डागावर लावलं की ते फसफसून निघतं. उघड्यावर, हातमोजे आणि चष्मा घालून हे करा, सिलिंडरच्या भिंतीतल्या पोर्टच्या, म्हणजे भोकांच्या, कडांना ॲसिड लागू देऊ नका, कारण तिथे उघडं ॲल्युमिनियम असतं. मग भरपूर पाण्याने धुऊन, बारीक पॉलिश पेपर आडव्या-तिरक्या हाताने फिरवा. भिंतीचा कठीण मुलामा शाबूत असेल तर नुसत्या पिस्टन-रिंगवर भागतं. मुलामा उडून खालचा धातू दिसत असेल तर सिलिंडर बदलावाच लागेल. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे, रिंगेचं तोंड पिस्टनमधल्या बारीक पिनवर, आणि क्लिपा नेहमी नव्या. जुनी क्लिप परत वापरून वाचणारे चार पैसे नव्या सिलिंडरला चर पाडतात.

क्लच काढावा लागला तर त्याचे आटेही उलटे असतात. पिस्टन अडवायला प्लगच्या भोकात स्क्रू ड्रायव्हर घालू नका, गाठी मारलेली नायलॉनची दोरी घाला. मात्र पिस्टन सायलेन्सरच्या भोकाच्या वर आल्यावरच, नाहीतर दोरी त्या भोकात अडकून कापली जाते.

जोडणी झाल्यावर सेटिंग. इंजिन गरम होऊ द्या. स्लो, म्हणजे रेस न देता चालणारी गती, अशी ठेवा की चेन पूर्ण थांबलेली राहील. कार्बोरेटरवरचा पूर्ण रेसचा ‘एच’ स्क्रू घड्याळाच्या दिशेने आवळला की मिश्रण पातळ होतं आणि आवाज तीक्ष्ण, चढा होतो. ऐकायला जोमदार वाटतं, म्हणूनच माणसं तिथेच फसतात. बरोबर सेटिंगला मोकळ्या पूर्ण रेसवर आवाज किंचित फाटलेला, भरभर असा येतो आणि लाकडात घातल्यावर स्वच्छ होतो. पहिल्या काही टाक्यांना ‘एच’ किंचित सैलच ठेवा.

चेनसॉ ‘ओढत नाही’ म्हणून इंजिन उघडणाऱ्यांना मी आधी खालचा भुसा दाखवायला सांगतो. लांबट कपच्या पडत असतील तर धार आहे. पिठासारखा भुसा पडत असेल तर धार गेली, इंजिनाचा काही दोष नाही. वादळात पडलेली झाडं चिखल-वाळूत लोळलेली असतात, नारळाचं खोड तर धारेचा वैरी, तिथे प्रत्येक टाकीला कानस लागते. कानसेची जाडी चेनच्या मापावर ठरते. छोट्या चेनसॉच्या ३/८ लो-प्रोफाइल चेनला ४ मिमी, आणि ५८ सीसीच्या मशीनला बहुधा असलेल्या ०.३२५ चेनला ४.८ मिमी. माप बारवर, म्हणजे चेन जिच्यावर फिरते त्या पट्टीवर, कोरलेलं असतं. बार व्हाइसमध्ये धरा, कानस आतून बाहेर, एकाच दिशेने, ३० अंशांच्या तिरप्या रेषेत ढकला आणि परत आणताना उचला. आधी सर्वांत छोटा दात शोधा आणि बाकीचे त्याच्या लांबीला आणा. एका बाजूचे दात मोठे राहिले तर कापताना बार एकीकडे वळतो, आणि लोक मग बार बदलतात. चार-पाच वेळा धार लावली की प्रत्येक दातापुढचा उंचवटा सपाट कानसेने किंचित उतरवा, दाताच्या टोकापेक्षा तो साधारण ०.६५ मिमी खाली हवा. जास्त उतरवला तर चेन लाकडात खोल घुसून झटके देते, आणि बारच्या वरच्या टोकाचा झटका थेट चेहऱ्याकडे येतो. चेन ब्रेक काम करतो की नाही, हे दर दिवशी सुरुवातीला बघायचं.

बारच्या तेलाच्या टाकीत गाडीचं काढलेलं काळं तेल घालू नका. त्यात धातूचा चुरा असतो, तो पंप आणि बार दोन्ही खातो, आणि ते तेल उडून तुमच्या कातडीवर आणि कलमांच्या मुळाशी जातं. बार दर वेळी उलटा करून लावा, खोबणीतला चिकट भुसा काढा, तेलाचं भोक तारेने मोकळं करा. काम संपल्यावर चेन सैल करून ठेवा, कारण गरम असताना ताणलेली चेन थंड झाल्यावर आखडते आणि क्रँकच्या बेअरिंगवर ओढ देते.

हत्यारांची यादी लोकांना वाटते त्यापेक्षा लहान आहे. प्लगचे दोन पाने, ॲलन कीचा संच, टी-२७ हा चांदणीच्या आकाराचा ड्रायव्हर (स्टिलच्या चेनसॉला बहुतेक स्क्रू याच मापाचे), फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पट्ट्या), दोन गोल कानसा आणि एक सपाट, छोटा पण पक्का बसवलेला व्हाइस, दाबमापक आणि तो रक्तदाबाचा फुगा. स्क्रू ठेवायला स्टीलचं ताट आणि आइस्क्रीमचे रिकामे डबे. पडवी उघडी असेल तर उत्तम, बंद खोलीत इंजिन चालवून बघायचं नाही, त्या धुराला वास न येताही माणूस बेशुद्ध पडतो. पेट्रोल उघडं असेल तेव्हा चूल आणि देवघरातला दिवा किती अंतरावर आहे, ते आधी बघा. स्टार्टर उघडताना मात्र डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण आतली पट्टीची स्प्रिंग सुटली की चाकूसारखी उलगडते.

क्रँकचं बेअरिंग बदलणं आणि क्रँककेस फोडणं तूर्त घरी करू नका. प्रेस आणि नेमका गरमपणा लागतो, ते काम दुकानातच द्या.

सुरुवात ५२ सीसीच्या कटरपासून करा. त्याचे सुटे भाग तालुक्याच्या ठिकाणी सहज मिळतात आणि चाचण्यांचा क्रम हाताला बसतो. फोर-स्ट्रोकचं ऑइल त्याच दिवशी बदलून टाका. चेनसॉला तोवर हात लावू नका, फक्त सायलेन्सर काढून पिस्टनचा फोटो घ्या आणि टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत जपून ठेवा. मेकॅनिककडे ब्लॉक-पिस्टनची ऑर्डर दिली असेल तर ती दाबाची चाचणी होईपर्यंत थांबवायला सांगा. सील गळत असतील तर त्याच ऑर्डरमध्ये दोन सील आणि रबरी नळी वाढवावी लागेल.